दुसरा तंग

भीमाण्णांना मी सहा वर्षं जवळून ओळखत होतो. ते आम्हाला घोड्यावर बसायला शिकवत, आणि या सहा वर्षांत मी त्यांना स्वतः घोड्यावर बसलेलं फक्त एकदा पाहिलं. पोहायला शिकवणारा माणूस कायम काठावरच उभा राहिला तर लोक जे बोलतील, ते सगळं त्यांच्याबद्दल बोललं जाई. कुणी म्हणे पाठीचा मणका सरकलाय, कुणी म्हणे नवस आहे. मैदानासमोरचा दूधवाला तर खात्रीनं सांगे, की त्यांना येतच नाही. आण्णांना विचारलं की ते टोपी काढून डोकं खाजवत आणि म्हणत, "माझं झालं की चढून. आता तुमी चढा."

मी त्या वेळी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. वय तेहतीस आणि स्वभाव भित्रा. साहेबांना भीत असे, विजेच्या बटणाला भीत असे, रंकाळ्याच्या काठावर बसलो तरी पाय वर घेऊन बसत असे. शेवटी आमच्या घरच्या मंडळींनी वैतागून मला शेजारच्या देसाई वकिलांच्या हवाली केलं. वकील रोज सकाळी कळंब्याच्या रस्त्याला एका मैदानावर घोडा शिकायला जात. "कशाला तरी न भिता घरी या एकदा," एवढंच बायको म्हणाली. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा कोल्हापुरात घोडा म्हणजे टांग्याचा, नाहीतर वरातीचा. हौसेनं बसणारे म्हणून आम्ही तिघे-चौघे लोकांच्या करमणुकीचा विषय होतो.

घोडे एका जुन्या इनामदार घराण्यातल्या गृहस्थांचे होते. त्यांना सगळे मालक म्हणत. घोड्यांच्या निगराणीवर आणि आम्हाला शिकवण्यावर त्यांनी भीमाण्णांना ठेवलं होतं. आण्णा मूळचे गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातले, जैन शेतकऱ्याच्या घरातले. संस्थान असताना घोडदळात होते. पन्नाशी उलटलेली, अंगानं सडसडीत, पायात जुनी खाकी ब्रीचेस आणि वर पांढरा सदरा. हातात चाबूक कधीच नसे. घोड्यांशी ते कानडीत बोलत आणि आमच्याशी मराठीत ओरडत. मैना नावाची तांबूस घोडी होती, तिला ते 'अव्वा' म्हणत, म्हणजे आई. आम्हाला असं प्रेमानं काही म्हटल्याचं आठवत नाही. मी त्यांच्या लेखी 'भाऊसायेब' होतो आणि त्या शब्दात कचेरीतल्या समस्त कारकुनांबद्दलचं त्यांचं मत येत असे.

भित्रा म्हणून मी स्वतःला मोठा समजत होतो. आण्णांना पाहिल्यावर कळलं की आपण अगदीच नवशिके आहोत. आम्ही यायच्या आधी ते सगळं मैदान पायानं चाचपून काढत. एखादा खड्डा, एखादी काचेची चकाकणारी कपची, वाऱ्यानं उडणारा कागद, काही म्हणून ठेवत नसत. मैदानाच्या कडेला एक घर होतं. तिथल्या काकूंनी कुंपणावर लुगडं वाळत घातलं की आण्णा धावत जात.

"काकू, सात वाजूस्तवर काढा की ते. फडफडलं की घोडं बुजतंय."

"अवो पावणं, माझं लुगडं हाय, वाघ न्हवं! सांगा की तुमच्या घोड्यास्नी!"

"त्यास्नी सांगितलंय. त्यास्नी पटंना झालंय."

काकू लुगडं काढत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळत घालत. हे भांडण माझ्या देखत सहा वर्षं चाललं.

आम्ही घोड्यावर असलो की ते मैदानाच्या मधोमध उभे राहत. उजवा हात छातीपर्यंत उचललेला, जणू काही पडलंच तर तिथूनच झेलणार. ओठ सारखे हलत. फेरी संपवून आम्ही परत आलो की ते मोठ्यानं मोजत, "येक, दोन, तीन." तीन घोडे नाकासमोर उभे असत, तरी मोजत. मग कुठे तो हात खाली येई.

पण त्यांच्या शाळेच्या दोन रीती होत्या, त्या मी दुसरीकडे कुठेच पाहिल्या नाहीत.

पहिली रीत अशी की चढण्याआधी ओळीत उभं राहायचं आणि प्रत्येकानं आपलं आजचं भ्या मोठ्यानं सांगायचं. ऐकणाऱ्यानं हसायचं नाही आणि निदान एक तरी उपाय सांगायचा. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शेजारी वसुधाबाई उभ्या होत्या. त्या मुलींच्या हायस्कुलात पी.टी. शिकवत. शिट्टी गळ्यात नसली तरी आहे असं वाटावं, अशा बाई. अशा बाईंसमोर काय भीती सांगणार? मी म्हणालो, "विशेष काही नाही."

"विशेष नसंल ते सांगा," आण्णा म्हणाले. "तुमी न्हाय सांगितलं तरी घोड्याला कळतंयच. आमालाच तेवढं कळायचं ऱ्हातंय."

मग मी सांगून टाकलं, की घोडा थांबवता आला नाही तर काय, या भीतीनं मला रात्रभर झोप आलेली नाही. कुणी हसलं नाही. देसाई वकील म्हणाले, "मी नुसता लगाम ओढत बसायचो. तेव्हा तो आणखीच पळायचा. आता ओढण्याआधी श्वास सोडतो. आपण सैल झालो की तो थांबतो." वसुधाबाई म्हणाल्या, "आणि खाली बघू नका. खाली बघाल तर खालीच जाल." मग त्यांची स्वतःची भीती आली. वळणावर आपली घोडी आत कलते आणि आपण तिच्याबरोबर कलंडू, असं त्यांना वाटत असे. म्हणजे या बाईसुद्धा भीत होत्या! त्या दिवशी मला जो धीर आला तो अजून पुरतो आहे. वकिलांनी एकदा "बायकोला कळेल, ही भीती" असं सांगितलं होतं. तेव्हा आण्णा गंभीरपणे म्हणाले, "त्ये घोड्याच्या हातात न्हाय. दुसरं सांगा." आण्णा स्वतः मात्र कधी काही सांगत नसत.

दुसरी रीत तंगाची. तंग म्हणजे खोगीर जागेवर राहावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. घोडं मोठं बिलंदर असतं. तंग आवळताना ते पोट फुगवून उभं राहतं. आपल्याला वाटतं घट्ट झालं. वीस पावलं चाललं की ते श्वास सोडतं आणि तोच तंग ढिला पडतो. म्हणून वीस पावलांवर थांबून दुसऱ्यांदा आवळायचा. एवढं सगळेच घोडेवाले करतात. आण्णांचं म्हणणं असं, की दुसरा तंग ज्याचा त्यानं बघायचा नाही. तो शेजाऱ्यानं बघायचा. वीस पावलांवर बसणाऱ्यानं हात वर करून समोर बघत थांबायचं. शेजाऱ्यानं उतरून यायचं, पट्ट्याखाली दोन बोटं घालायची, दोन भोकं वर घ्यायचा आणि "झालं" म्हणायचं. ते "झालं" ऐकल्याशिवाय पुढं हलायचं नाही.

"आपलं आपल्याला सगळं बराबरच वाटतंय," ते म्हणत. "म्हनून दुसऱ्यानं बघायचं."

साडेपाच वर्षं हे सुरळीत चाललं. मी दुडक्या चालीनं फेरी मारू लागलो. साहेबांसमोर बोलताना माझी जीभ अडखळेनाशी झाली. एके दिवशी सकाळी ओळीत उभं असताना माझी पाळी आली आणि मी मान ताठ करून म्हणालो, "आज कशाचीच भीती वाटत नाही."

वकिलांनी टाळी दिली. आण्णांचा चेहरा मात्र उतरला. "आसं म्हनू नगासा, भाऊसायेब. बघा हुडकून. आसंल काय तरी."

"नाही आण्णा. खरंच नाही."

त्यांनी चढायची खूण केली. आम्ही चढलो. वीस पावलांवर वसुधाबाईंनी हात वर केला. त्या दिवशी त्या मैनेवर होत्या आणि त्यांचा दुसरा तंग बघायची पाळी माझी होती. मी उतरलो. तेवढ्यात वकील मागून म्हणाले, "काय भाऊसाहेब, आता शर्यतीत उतरणार वाटतं?" मी मागं वळून हसलो, काहीतरी बोललो, चालत चालत मैनेच्या मानेवर थाप मारली आणि म्हणालो, "झालं."

दोन बोटं घातली नाहीत. पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या फेरीला, वळणावर, मैना आत कलली आणि खोगीर बाईंसकट तिच्या पोटाकडे फिरलं. बाई खांद्यावर आपटल्या. आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. मैना दोन उड्या मारून थबकली. आण्णा कधी धावले ते दिसलं नाही, पण मी उतरून पोचेपर्यंत ते बाईंशेजारी गुडघ्यावर बसून म्हणत होते, "अक्का, हलू नगा. बोटं हलवा. हलत्यात? बास." मग ते उठले, मैनेजवळ गेले, तंगाकडे वाकले आणि थांबले. पट्टा पहिल्याच भोकात होता. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.

रस्त्यावरून मालकांची गाडी येत होती. आण्णांनी पाठ फिरवली आणि एका हातानं पट्टा सोडवून खोगीर खाली घेतलं. मालक उतरले, बाईंकडे बघितलं, घोडीकडे बघितलं.

"दुसरा तंग कुणी बघितला?"

माझं तोंड उघडलं असेल किंवा नसेल, ठाऊक नाही. आण्णा म्हणाले, "मी, मालक. माझ्याकडनं ऱ्हायला."

बाईंच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. मालकांनी शिकवणी बंद केली. आण्णांना सांगितलं, की घोडे दुसरा माणूस बघेल, तुम्ही आता मैदानात यायचं नाही. ज्या माणसाला मैदानाशिवाय दुसरं जग नव्हतं, त्याला हे सांगितलं. आणि मी सायकलवरून घरी आलो, आंघोळ केली आणि वेळेवर कचेरीत गेलो.

पुढचे आठ-दहा दिवस कसे गेले ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी रोज संध्याकाळी मोसंबी घेऊन बाईंकडे जात असे. हात गळ्यात अडकवून त्या बसलेल्या असत. मी त्यांना मोसंबी सोलून देई आणि आज सांगूच, आज सांगूच असं म्हणत परत येई. एके सकाळी सायकलवर टांग टाकताना पाय पॅडलवर ठेवला आणि पुढं जाववेना. सायकल ढकलत कचेरीत गेलो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, "हवा गेली." हवा कुणाची गेली होती, ते तिच्या लक्षात आलं असावं.

पुढच्या रविवारी दुपारी दारात आण्णा उभे. तोवर ते आमच्या घरी कधी आले नव्हते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि चहा घ्यायच्या आधीच म्हणाले, "भाऊसायेब, माझ्याकडनं चूक झाली."

मला वाटलं, आता हे माझी लाज राखायला स्वतःचीच समजूत घालू लागले की काय. मी कसंबसं म्हणालो, "आण्णा, चूक माझी आहे. तुम्ही उगाच माझ्यासाठी..."

"त्येच सांगायलोय. ती तुमची चूक हुती, आन मी घेतली. त्ये करायचं न्हवतं. ती परत घ्या."

मला काही कळेना. ते टोपी हातात फिरवत होते. मग त्यांनी सांगितलं. घोडदळात असताना त्यांचा एक जोडीदार होता, शंकर, चंदगडकडचा. दोघे एका ताटात जेवणारे. एकदा कवायतीच्या दिवशी शंकरचा दुसरा तंग आण्णांनी बघायचा होता. वरचे साहेब बघायला आले होते, घाई होती, आण्णांनी न बघताच "झालं" म्हटलं. शंकर पडला. कमरेचं हाड मोडलं आणि पाय कायमचा आखूड झाला. चौकशी झाली तेव्हा त्यांना घोडा शिकवणारे उस्ताद पुढं आले आणि म्हणाले, पोरं आहेत, माझ्याकडनं राहिलं.

"उस्तादांच्या बाहीवरची फीत गेली. शंकर काठी घेऊन गावाकडं गेला. आन मी गप ऱ्हायलो. उस्तादांनी मला वाचिवलं म्हनून सगळी म्हनली. पर दुसऱ्या दिवशी रिकिबीत पाय घातला, आन पाय थंड पडला. वर जाईनाच. पुढं कवाच ग्येला न्हाय. किती वर्सं झाली बघा की. मी पायी चालतच घोडं शिकिवतोय." त्यांनी डोळे पुसले. "मैदानात त्या दिवशी माझं त्वांड आपोआप बोललं, भाऊसायेब. उस्तादांगत. मला वाटलं, मी फेडलं. काल तुमी सायकल ढकलत जाताना दिसलासा. तवा कळलं, म्या काय केलंय ते. उठा. मालकास्नी सांगा, अक्कास्नी सांगा. न्हायतर तुमीबी माझ्यागत पायी चालशीला."

चहा तसाच राहिला. मी सदरा घातला आणि सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर निघालो. मालक सगळं ऐकून आण्णांवरच संतापले, की खोटं बोलून तुम्ही मलाही फसवलंत. आण्णा खाली मान घालून "व्हय की" म्हणत राहिले. तिथून बाईंकडे गेलो. आण्णा उंबऱ्याबाहेरच थांबले. मी आत जाऊन उभ्या उभ्या सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दहा दिवस मला मोसंबी सोलून घातलीत की हो. त्यातल्या एखाद्या दिवशी बोलायला काय धाड भरली होती?"

मी त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत राहिलो.

"हात गळ्यात आहे म्हणून वाचलात," त्या म्हणाल्या. "जा आता. आणि उद्यापासून मोसंबी नको. तोंड आंबलंय."

मी बाहेर आलो आणि घरी सायकलवर बसून गेलो.

महिन्याभरानं मालकांचा राग निवला आणि आण्णा मैदानात परतले. बाई तिसऱ्या महिन्यात आल्या. ओळीत उभ्या राहिल्यावर त्यांनी आपलं आजचं भ्या सांगितलं, "दुसरा तंग भाऊसाहेब बघणार आहेत, हेच." आणि मग, "माझा तंग त्यांनीच बघायचा. दुसरा कुणी आला तर मी उतरणार." मी किती वेळ ती दोन बोटं पट्ट्याखाली घालून उभा होतो देव जाणे. वकील मागून म्हणाले, "अहो, घोडी म्हातारी होईल." कुणीही हसलं नाही, वकीलसुद्धा.

फेऱ्या झाल्या. आण्णांनी मोजलं. हात खाली आला. तेवढ्यात बाई घोडीवरूनच म्हणाल्या, "आण्णा, तुमचं भ्या आम्हाला कधी कळलं नाही."

"माझं झालं की, अक्का."

"काही झालेलं नाही." शंकररावांची हकीकत मी बाईंना सांगितली होती. आण्णांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. बाई थांबल्या नाहीत. "मला पाडलं त्यांना तुम्ही माझ्या दारात आणून उभं केलंत. शंकररावांच्या दारात कोण गेलं?"

आण्णा खोगीर उचलून पागेकडे गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. कागद उडाला तर आमच्यावर ओरडत, कागद नसला तरी ओरडत. लुगड्याच्या काकूसुद्धा विचारू लागल्या, "पावण्यास्नी झालंय काय?" आम्हाला काळजी वाटू लागली, की बाईंनी नको तिथं हात घातला. बाईंनाही तसंच वाटू लागलं होतं, कारण त्या मला दोनदा म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं का हो?"

मग एका शनिवारी आण्णा आले ते धोतर, काळा कोट आणि हातात पिशवी अशा वेषात. "चंदगडला जातोय. पत्ता एकाकडनं काढलाय. हाय म्हनं अजून." आम्ही तिघेही त्यांच्याबरोबर एस.टी. स्टँडवर गेलो. त्यांना एकट्याला सोडायचा धीर कुणालाच झाला नाही. ते बसमध्ये खिडकीशी बसले. पिशवीची गाठ सोडली, परत बांधली, परत सोडली. पिशवीत गूळ होता आणि त्यांच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा. कंडक्टर चढला तेव्हा आण्णा खिडकीतून वाकून म्हणाले, "सांगतो."

आम्ही तिघे खिडकीखाली नकळत ओळीत उभे राहिलो.

"त्यो मला वळकणारच न्हाय, ह्याचं भ्या वाटतंय. आन वळकलं तर, त्याचंबी."

रीत अशी, की ऐकणाऱ्यानं निदान एक तरी उपाय सांगायचा. वकिलांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. बाई म्हणाल्या, "दारात गेल्या गेल्या बोलू नका, आण्णा. आधी वीस पावलं त्यांच्याबरोबर चाला. मग थांबा. मग सांगा."

बस हलली. ते मागं वळून बघत राहिले, छातीशी उजवा हात तसाच.

ते चार दिवस मैदान नुसतं खायला उठे. आमचं भ्या सांगून झालं की आम्ही रस्त्याकडे बघत उभे राहत असू. चंदगडचा पाऊस, घाटातला रस्ता, शंकरराव जिवंत तरी असतील का, असलं काहीबाही एकमेकांना न सांगता प्रत्येक जण मनात आणत होता. बुधवारी सकाळी आम्ही मैदानात पोचलो तर काकू तावातावानं लुगडं काढत होत्या आणि आण्णा खाकी ब्रीचेसमध्ये कुंपणाशी उभे होते.

आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. शंकर काजूच्या झाडांखाली बाजेवर बसला होता. त्यानं लगेच ओळखलं. काठी घेऊन उठला आणि बांधापर्यंत चालत आला, म्हणजे वीस पावलं झालीच. आण्णांनी सगळं सांगितलं, तंग, "झालं" म्हटलं ते, उस्तादांचं, सगळं. शंकर ऐकत होता.

"मग काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

आण्णा बराच वेळ मैनेची आयाळ सरळ करत राहिले. "म्हनला, तंगाचं मला त्याच दिवशी ठावं हुतं. त्ये ऱ्हाऊ दे. पर येवढी वर्सं मला भेटाय का आला न्हाईस रं?"

एवढं बोलून ते रडले. मैदानात, आमच्यासमोर, उभ्या उभ्या. बाईंनी तोंड फिरवलं. मीही रडलो, आता सांगायला हरकत नाही.

मग त्यांनी नाक पुसलं, मैनेला कानडीत काहीतरी सांगितलं आणि रिकिबीत पाय घातला. आमच्यातलं कुणीही हललं नाही. पाय बराच वेळ तिथंच राहिला. पोटरी थरथरताना दिसत होती. वकील अगदी हळू म्हणाले, "श्वास सोडा, आण्णा." बाई म्हणाल्या, "खाली बघू नका." आणि ते वर गेले. डौलबिल काही नव्हता, गोणी चढवावी तसे चढले, पण चढले.

सहा वर्षं आमच्यावर ओरडणारे आण्णा पोक काढून बसले होते. आमचा धीर चेपला आणि आम्ही त्यांचंच त्यांना ओरडून सांगू लागलो. "पाय लांब, आण्णा!" "मान मोकळी!" काकू लुगडं छातीशी धरून कुंपणाशी उभ्या होत्या. त्याही ओरडल्या, "पडशीला हो, पावणं!"

पुढं दोन महिन्यांत माझी बदली झाली आणि मालकांनी घोडे विकले. आण्णा गावाकडे शेतीवर गेले. अधूनमधून चंदगडला जातात, असं वकिलांच्या पत्रातून कळे. त्यांना घोड्यावर पाहिलं ते त्याच सकाळी, पुन्हा कधी नाही. म्हणून ती सकाळ मी इतक्या बारकाईनं जपून ठेवली आहे.

वीस पावलांवर ते थांबले. हात वर केला आणि समोर बघत राहिले. बाई माझ्याकडे बघू लागल्या, वकीलही. मग मला कळलं, की शेजारी मीच उभा आहे.

मी गेलो. पट्ट्याखाली दोन बोटं घातली. तंग खरंच ढिला होता. मैनेनं आपल्या आण्णांनाही फसवलं होतं. माझ्या हाताला घाम सुटला होता, पट्टा निसटत होता. एक भोक वर घेतला. मग दुसरं. पुन्हा बोटं घालून पाहिली. वर बघायचा धीर झाला नाही. त्यांचा बूट तेवढा माझ्या डोळ्यांसमोर होता, रिकिबीत, आता न थरथरणारा.

"झालं," मी म्हणालो.

आणि त्यांनी, खाली न बघता, घोडी पुढं काढली.